धुळ्याच्या सरळ गल्ल्या आणि कॅप्टन ब्रिग्ज

१५ सप्टेंबर जवळ आला की कॉलेजात इंजिनिअर्स डेची धावपळ सुरू होते. फोटोला हार, दोन-तीन भाषणं, मॉडेल मेकिंगची स्पर्धा. आपल्या खानदेशात या भाषणांमध्ये एक वाक्य हमखास येतं, की धुळे शहराची आखणी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी केली. मी धुळ्याचाच. लहानपणापासून हेच ऐकत आलो आणि फर्स्ट इयरला स्टेजवरून तेच ठोकूनही दिलं. टाळ्या पडल्या. पुढे सर्व्हेइंगच्या असाइनमेंटसाठी लायब्ररीत खानदेशचं जुनं गॅझेटियर चाळायला घेतलं, तेव्हा लक्षात आलं की आपण चूक सांगितली.

हिशोब सोपा आहे. विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६१ चा. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून ते १८८३ मध्ये एल.सी.ई. झाले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या पीडब्ल्यूडीत असिस्टंट इंजिनिअर म्हणून लागले. खानदेशात त्यांनी काम केलं हे शंभर टक्के खरं. पांझरा नदीच्या खोऱ्यात त्यांनी बांधलेला पाइप सायफन हे त्यांच्या अगदी सुरुवातीच्या कामांपैकी एक. पण नवं धुळं वसायला सुरुवात झाली १८१९ मध्ये. म्हणजे विश्वेश्वरय्या जन्मायच्या ४२ वर्षं आधी! ते काम ज्याच्या हातून झालं तो इंजिनिअर नव्हताच. तो होता फौजेतला एक अधिकारी, कॅप्टन जॉन ब्रिग्ज. आज त्याच्याविषयी लिहायचं आहे, कारण त्याने आखलेल्या गल्लीत गाडी लावायला जागा शोधताना आपल्यापैकी कित्येकांची रोज दमछाक होते.

जॉन ब्रिग्जचा जन्म १७८५ चा. १८०१ मध्ये, म्हणजे आपण दहावी-अकरावीत असतो त्या वयात, तो ईस्ट इंडिया कंपनीच्या मद्रास फौजेत दाखल झाला. फौजेत असला तरी त्याला भाषांची आवड. फारसी तो चांगली शिकला. १८१० मध्ये सर जॉन माल्कम कंपनीचा वकील म्हणून इराणला गेला, तेव्हा ब्रिग्ज त्याच्या सोबत होता. परत आल्यावर मोहम्मद कासिम फिरिश्ता या इतिहासकाराच्या फारसी ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर करायचं त्याने मनावर घेतलं. हा फिरिश्ता आपल्या अहमदनगरच्या निजामशाहीत आणि नंतर विजापूरच्या आदिलशाहीत राहिलेला.

५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली आणि पुण्याच्या संगमावरची इंग्रज रेसिडेन्सी जाळली गेली. त्यात ब्रिग्जची पुस्तकं आणि हस्तलिखितं गेली. कॉम्प्युटर फॉरमॅट झाल्यावर प्रोजेक्ट रिपोर्ट उडतो तेव्हा आपली काय अवस्था होते ते आठवा, आणि इथे तर बॅकअप नावाची गोष्टच नव्हती. त्याने काम पुन्हा उभं केलं. ते चार खंड १८२९ मध्ये लंडनला छापून निघाले. फिरिश्ता म्हटलं की ब्रिग्जचं भाषांतर, हे समीकरण इतिहासाच्या अभ्यासकांमध्ये पुढे कित्येक वर्षं टिकलं.

तिसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात ब्रिग्ज माल्कमच्या हाताखाली होता. जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला आणि होळकरांचा सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांकडे आला. त्यातच पेशवाई बुडाली. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन दख्खनचा कमिशनर झाला. त्याने जिंकलेल्या मुलुखाचे भाग पाडून एकेका अधिकाऱ्याकडे दिले. साताऱ्याला ग्रँट, अहमदनगरला पॉटिंजर, पुण्याला रॉबर्टसन आणि खानदेशात ब्रिग्ज. तेव्हा तो ३३ वर्षांचा होता.

हातात आलेला खानदेश कसा होता? १८०३-०४ च्या सुमारास एकीकडे फौजांची लुटालूट आणि दुसरीकडे भयंकर दुष्काळ, यांनी मुलूख उजाड झाला होता. गावंच्या गावं ओस पडली, शेतात झुडपं माजली. ठिकठिकाणच्या गढ्यांमध्ये अरब शिबंदी ठाण मांडून बसलेली. थाळनेर १८१८ च्या फेब्रुवारीत पडलं आणि तिथल्या किल्लेदाराला इंग्रजांनी फाशी दिलं. मालेगावला मे-जूनमध्ये लढाई झाली. अमळनेर तर त्या वर्षाच्या अखेरीस हाती आलं. आणि डोंगरांच्या रांगांमध्ये, सातपुड्यात, सातमाळ्यात भिल्लांच्या टोळ्या होत्या. जुन्या राजवटींनी त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या अत्याचार केलेले होते. घाट त्यांच्या ताब्यात, आणि वाटसरू, व्यापारी, बैलांचे तांडे सगळे जीव मुठीत धरून चालत.

आज रोड सेफ्टी म्हटलं की आपल्याला हेल्मेट, स्पीड ब्रेकर आणि सिग्नल आठवतो. १८१८ च्या खानदेशात रस्ता सुरक्षित म्हणजे माणूस पारोळ्याहून निघाला तर धुळ्याला धडधाकट पोचेल एवढंच. ब्रिग्जच्या पुढ्यातला पहिला प्रश्न हा होता.

त्याने आधी बळाचा वापर केला. घाटांच्या तोंडाशी फौज बसवली, डोंगरात जाणारं धान्य अडवलं, टोळ्यांचा पाठलाग केला. हे लिहिताना त्याला हिरो करायची माझी इच्छा नाही. धान्य अडवणं म्हणजे लोकांना उपाशी ठेवणंच. पण त्याबरोबर दुसरंही एक धोरण होतं. जे नाईक खाली येतील त्यांना माफी, नेमणूक, जमीन आणि ज्या वाटेवर लूट व्हायची त्याच वाटेच्या राखणीची जबाबदारी. नुसत्या बंदुकीने काम झालं नाही हे पुढच्या इतिहासावरून दिसतं. ब्रिग्ज खानदेशातून गेला तेव्हा प्रश्न सुटलेला नव्हता. १८२५ मध्ये जेम्स आउट्रमने भिल्ल कोअर उभी केली, तिचं ठाणं आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावला होतं. तिथून दुसऱ्या धोरणाला, म्हणजे माणसाला काम आणि मान देण्याच्या धोरणाला, खरं बळ मिळालं.

आता धुळ्याकडे येऊ. कारभारासाठी मध्यवर्ती ठिकाण हवं होतं. धुळं मोक्याच्या जागी आहे. मुंबईहून आग्र्याकडे जाणारा रस्ता आणि सुरतेहून नागपूरकडे जाणारा रस्ता इथे एकमेकांना छेदतात. पांझरेचं पाणी बारमाही, पाटाखाली बागायत. पण गाव लहान. १८१९ मधली नोंद आहे: वस्ती २,५०९ आणि घरं ४०१. एका बाजूला पाट, दुसऱ्या बाजूला नदी, मधल्या पट्टीत दाटीवाटीने घरं. आज आपण ज्याला जुने धुळे म्हणतो तो हा भाग.

जानेवारी १८१९ मध्ये ब्रिग्जने महसूल आणि न्यायाच्या कचेऱ्या बांधायची परवानगी मिळवली. कारागीर लांबलांबून आणावे लागले. खरा प्रश्न त्यापुढचा होता. कचेरी बांधता येते, पण शहर कसं बांधणार? हुकूम काढून व्यापारी दुकान थाटत नाही. ब्रिग्जने तीन गोष्टी केल्या. जुन्या गावात घरं पाडत बसण्याऐवजी शेजारच्या मोकळ्या जमिनीवर नवी पेठ धरली. तिथे घरासाठी प्लॉट दिले, कायमचे आणि बिनभाड्याचे. आणि पक्कं घर बांधायला उचल दिली, गावातल्या जुन्या माणसांनाही आणि बाहेरून येणाऱ्यांनाही. लोक आले, दुकानं आली, बाजार भरू लागला. १८७२ च्या खानेसुमारीत धुळ्याची वस्ती साडेबारा हजारांच्या आसपास पोचली होती. ५३ वर्षांत पाचपट!

नव्या धुळ्याचे रस्ते सरळ आणि एकमेकांना समांतर. म्हणूनच तिथल्या गल्ल्यांना नंबर देता आले. गल्ली नंबर एक, दोन, तीन, चार... जळगावचा मित्र पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याला पत्ता सांगायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. जुन्या गावात असं सांगून बघा! अर्थात सगळं शहर ब्रिग्जने एका दिवसात कागदावर काढलं असं समजू नका. पेठ पुढच्या काळात वाढत गेली, पण जे वळण पहिल्यांदा पडलं तेच पुढे चालू राहिलं. सर्व्हेइंगमध्ये आपण शिकतो ना, बेसलाइन नीट टाकली की पुढचं काम सोपं होतं. तसंच हे.

१८२३ मध्ये ब्रिग्ज खानदेश सोडून साताऱ्याला रेसिडेंट म्हणून गेला, ग्रँट डफच्या जागी. तेव्हा तिथे छत्रपती प्रतापसिंह गादीवर होते. १८३० मध्ये त्याने हिंदुस्थानातल्या जमीनमहसुलावर एक पुस्तक छापलं आणि कंपनी रयतेकडून घेते तो सारा फार जड आहे अशी टीका केली. खानदेशात सारावसुली त्यानेच केलेली असल्यामुळे ही टीका ऐकीव नव्हती. १८३१ मध्ये म्हैसूर संस्थानाचा कारभार इंग्रजांनी हातात घेतला तेव्हा तिथल्या कमिशनर मंडळाचा वरिष्ठ सभासद म्हणून त्याला पाठवलं. पण गव्हर्नर जनरल बेंटिंकशी त्याचं पटलं नाही. वर्षभरात ते पद गेलं आणि तो नागपूरला रेसिडेंट झाला. गंमत बघा, ज्या दोन माणसांमध्ये आपण धुळ्याच्या आखणीचा घोळ घालतो ते दोघंही धुळ्यानंतर पुढे कधी ना कधी म्हैसूरला गेले. ब्रिग्ज १८३१ मध्ये गेला आणि वर्षभरात परत फिरला. विश्वेश्वरय्या १९०९ मध्ये चीफ इंजिनिअर म्हणून गेले, १९१२ मध्ये दिवाण झाले आणि तिथे कायमचं नाव करून गेले.

१८३५ मध्ये ब्रिग्जने हिंदुस्थान सोडला. इंग्लंडमध्ये तो कंपनीच्या भागधारकांच्या सभेत बसत असे. डलहौसीने संस्थानं खालसा करण्याचा सपाटा लावला, त्यात १८४८ मध्ये साताराही गेला. या धोरणाला ब्रिग्जने त्या सभेत कडाडून विरोध केला. उपयोग झाला नाही. २७ एप्रिल १८७५ रोजी ससेक्समधल्या बर्जेस हिल इथे वयाच्या ८९ व्या वर्षी तो वारला. ज्या मुलखात त्याने शहर वसवलं तिथे तोपर्यंत नगरपालिका स्थापन होऊन (१८६२) बरीच वर्षं झाली होती आणि १८७२ च्या पांझरेच्या पुराने बरीच घरं वाहूनही गेली होती. गाव पुन्हा उभं राहिलं.

इथे चरित्र संपतं. पण लेख इथे संपवला तर तो हार घालण्यासारखाच होईल.

२०११ च्या जनगणनेत धुळे शहराची लोकसंख्या पावणेचार लाखांच्या घरात होती. म्हणजे १८१९ च्या सुमारे दीडशे पट. गल्ल्यांची रुंदी मात्र वाढलेली नाही, ती वाढणारही नाही. आग्रा रोडवर, पाचकंदिलापाशी संध्याकाळी सहाला जाऊन उभे राहा. दोन्ही कडेला मोटारसायकली, त्यांच्या पुढे लोटगाड्या, त्यांच्या पुढे गिऱ्हाइकं आणि उरलेल्या पट्टीत रिक्षा, टेम्पो आणि शाळेतून येणारी पोरं. आतल्या गल्लीत कोणाचं तरी घर पाडून अपार्टमेंट चाललेलं असतं. वाळू रस्त्यावर, खडी रस्त्यावर, सळयाही रस्त्यावर आणि मिक्सरही तिथेच.

सिव्हिलवाल्यांसाठी छोटा हिशोब. एखाद्या कॉलनीतला रस्ता ९ मीटरचा धरा. एक कार अंदाजे पावणेदोन मीटर रुंद. भिंत आणि गाडी यांच्यातली फट धरून एका बाजूचे २ मीटर गेले. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या की उरले ५ मीटर. त्यात वाळूचा २ मीटरचा ढीग. उरले ३. अग्निशमनाचा बंब साधारण अडीच मीटर रुंद असतो. समोरून एक रिक्षा आली की बंब थांबला. म्हणजे नकाशातला ९ मीटरचा रस्ता जागेवर ३ मीटरचा, आणि हे सगळं कुणीही कायमचं अतिक्रमण न करता! प्रत्येकाचं म्हणणं एकच, पाच मिनिटांसाठी तर लावली आहे.

जळगावला ब्रिग्ज लाभला नाही. ते शहर वाढलं रेल्वे आणि कापसाच्या बाजाराने. १९०६ मध्ये खानदेशचे दोन जिल्हे झाले तेव्हा पूर्व खानदेशचं ठाणं झालं. तिथली अडचण वेगळ्या जातीची. जुना सहा नंबरचा, आताचा ५३ नंबरचा राष्ट्रीय महामार्ग वस्तीच्या मधून गेला. अलीकडे घर आणि पलीकडे शाळा किंवा कॉलेज, मध्ये ट्रक. दोन्ही बाजूंना समांतर रस्ते हवेत म्हणून जळगावकरांनी अनेक वर्षं आंदोलनं केली, ती उगीच नाही. त्या महामार्गावर लोकांचे जीव गेले आहेत.

मग जबाबदारी कोणाची? हे आपल्या सिलॅबसमध्ये नाही म्हणून सांगतो. शहरातले आतले रस्ते आणि त्यांवरची अतिक्रमणं हे महापालिकेचं काम. धुळे आणि जळगाव दोन्हीकडे २००३ पासून महापालिका आहे. रस्त्यात टाकलेला माल उचलायचा अधिकार तिच्या आयुक्तांना कायद्याने दिलेला आहे. बांधकामाचं साहित्य रस्त्यावर ठेवायचं तर आधी तिची परवानगी लागते. पार्किंगची ठिकाणं ठरवायची तरतूद १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ मध्ये आहे, त्यात स्थानिक संस्थेशी विचारविनिमय अपेक्षित आहे. चुकीच्या जागी लावलेली गाडी उचलणार वाहतूक पोलीस. महामार्ग केंद्राकडे. फेरीवाल्यांसाठी २०१४ चा स्वतंत्र कायदा आहे, त्यात सर्वेक्षण आणि विक्रीची जागा ठरवणं आलं. नव्या इमारतीत किती गाड्यांची जागा सोडायची हे राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत आहे. म्हणजे अधिकार आहेत, पण ते वाटलेले आहेत आणि नागरिक या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो.

ब्रिग्जचं काम एका दृष्टीने सोपं होतं. त्याला निवडून यायचं नव्हतं. त्याच्या मागे फौज होती आणि पुढे मोकळी जमीन. आज महापालिकेला यातलं काहीच नाही, आणि फौज नाही हे चांगलंच आहे. तरीसुद्धा त्याच्या धुळ्याकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्याने आधी जागा दिली, मग शहर बसलं. प्लॉट, उचल, बाजार आणि त्यानंतर शिस्त. आपल्याकडे क्रम उलटा होतो. आधी मोहीम निघते, लोटगाड्या उचलल्या जातात, गाड्यांना जॅमर लागतात, फोटो पेपरात येतात आणि आठ दिवसांत सगळं पूर्ववत. कारण लोटगाडीवाल्याला बसायला दुसरी जागा दाखवलेलीच नसते. घाटातल्या भिल्लांच्या बाबतीत नुसता बंदोबस्त टिकला नाही, तर भाजीच्या गाडीच्या बाबतीत कसा टिकेल?

आणि हेही खरं की जागा दिल्यावरसुद्धा जो रस्त्यावरच गाडी लावतो, ज्याच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये गाळे निघालेले असतात, त्याला दंड झालाच पाहिजे. तिथे ओळख, नातं, वॉर्ड काही बघायचं नाही. जागा द्यायची जबाबदारी पार पाडलेल्या कारभाराला कडक व्हायचा हक्क मिळतो.

आपण विद्यार्थी काय करू शकतो? पार्किंग सर्व्हे करू शकतो. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी दरवर्षी विषय शोधत बसतो, मग एक गल्ली घ्या. सकाळी, दुपारी, संध्याकाळी किती गाड्या किती वेळ उभ्या असतात ते मोजा. रस्ता नकाशात किती आणि जागेवर किती, टेप लावून बघा. रिपोर्ट काळ्या बाइंडिंगमध्ये घालून कपाटात ठेवण्याऐवजी एक प्रत महापालिकेत आवक-जावकला देऊन पोच घ्या. लगेच काही बदलेल असं मी म्हणत नाही. पण आकडे टेबलावर असले की नाही म्हणणं जरा कठीण जातं.

येत्या इंजिनिअर्स डेला विश्वेश्वरय्यांबद्दल जरूर बोलू. पुण्याची आणि सक्करची पाण्याची कामं, खडकवासल्याची स्वयंचलित दारं, कृष्णराजसागर, बोलायला भरपूर आहे. न केलेल्या कामाचं श्रेय त्यांना द्यायची गरज नाही, त्यांनाही ते आवडलं नसतं. धुळ्याच्या गल्ल्यांची सुरुवात करणारा होता जॉन ब्रिग्ज, आणि त्या मोकळ्या ठेवायचं काम दोनशे वर्षांनंतर आपल्याकडे आलं आहे.

जाता जाता एक कबुली. हा लेख द्यायला मॅगझिनच्या ऑफिसला आलो तेव्हा घाईत गाडी गेटसमोरच लावली होती. पाच मिनिटांसाठीच! वॉचमन काकांनी हटकलं. बरोबरच होतं त्यांचं. काढून स्टँडला लावली.